‘ग्रंथात हा शब्द नाही’

१

वाङ्मयचर्चेत जी विधाने सर्वांत निर्धास्तपणे केली जातात, त्यांत ‘अमुक ग्रंथात तमुक शब्द एकदाही आलेला नाही’ या विधानाचा क्रम फार वरचा लावावा लागेल. शब्द आहे असे म्हणणाऱ्याने ओवीचा क्रमांक दाखविला की त्याचे काम संपले. नाही असे म्हणणाऱ्याला मात्र सबंध ग्रंथ साक्षीला उभा करावा लागतो. पहिल्याचे म्हणणे खोटे असेल तर ते एका क्षणात उघडे पडते. दुसऱ्याचे म्हणणे खोटे ठरविण्यासाठी कोणीतरी तितकाच खटाटोप पुन्हा करावा लागतो, आणि तो सहसा कोणी करीत नाही. म्हणून नकाराची विधाने एकदा छापली गेली की पिढ्यानुपिढ्या एका प्रस्तावनेतून दुसऱ्या प्रस्तावनेत सुखाने संचार करतात.

मराठीत या नकारावर केवढी इमारत उभी राहू शकते, याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता हे दोन वेगळे पुरुष होत, असा पक्ष मांडला. त्यांच्या आधारांत भाषेतील फरक हा एक होता. आणि अभंगांत पदोपदी येणारा विठ्ठल ज्ञानेश्वरीत आढळत नाही, हा दुसरा. वाद पुष्कळ झाला. उत्तरपक्षाने विठ्ठलाचा निर्देश नाव न घेताही होऊ शकतो असे म्हटले, गीतेवरील टीकेत पंढरीचे वर्णन यावे कशाला असेही म्हटले. आज बहुसंख्य अभ्यासक एकच ज्ञानेश्वर मानतात. पण मला येथे त्या वादाचा निकाल द्यावयाचा नाही. माझे कुतूहल त्याच्या पायातल्या एका दगडाविषयी आहे. नऊ हजारांच्या आसपास ओव्यांच्या ग्रंथात एखादा शब्द ‘नाही’ असे म्हणण्याचा अधिकार माणसाला प्राप्त होतो तो कशाने?

भारद्वाजांच्या काळी त्याला एकच उत्तर होते: डोळ्याने. ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचावयाचा, टिपणे काढावयाची आणि आपल्या लक्षावर विसंबावयाचे. आज ग्रंथाची संगणकावर उतरलेली प्रत असते आणि शोधाचे काम यंत्र करते. त्यामुळे टीकाकारांच्या लेखांत आणि विद्यापीठीय प्रबंधांत आकड्यांचा सुकाळ झाला आहे. अमुक कवीने ‘काळोख’ इतक्या वेळा योजिला, तमुक कवयित्रीच्या उत्तरकाळातील संग्रहांतून ‘आई’ हा शब्द नाहीसा झाला, अशी वाक्ये आता हाताच्या मळाने लिहिली जातात. यंत्राने मोजले म्हणजे बरोबरच, अशी यामागे एक भाबडी समजूत दिसते. यंत्र बरोबर मोजते हे खरे. प्रश्न आहे तो काय मोजते हा.

२

यंत्राला शब्द शोधावयास सांगण्याची जी एक रीत जगभर रूढ आहे तिला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. मी तिला या लेखापुरते ‘साचा’ म्हणेन. साचा म्हणजे शब्द नव्हे. शब्द कसा दिसू शकेल याचे ते आटोपशीर वर्णन असते. त्यात काही चिन्हांना विशेष अर्थ दिलेला असतो. टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. तारा म्हणजे आधीचे चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा. प्रश्नचिन्ह म्हणजे आधीचे चिन्ह असले तर असो, नसले तर नसो. उभी रेघ म्हणजे हे किंवा ते. ‘नां?व’ असा साचा दिला की यंत्र ‘नाव’ही पकडते आणि ‘नांव’ही. ‘पा(णी|ण्या)’ म्हटले की ‘पाणी’ सापडते आणि ‘पाण्याला’, ‘पाण्यात’ हीही रूपे सापडतात. व्याकरणाची सूत्रे पाठ केलेल्या देशातील माणसाला या संक्षेपाचे फारसे नवल वाटू नये.

या युक्तीची वंशावळ मोठी गमतीची आहे. १९४३ साली मॅक्कलक आणि पिट्स या दोघांनी मेंदूतील मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती चित्र रेखाटले. स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली त्याच्यावर विचार करून, असे जाळे कोणकोणत्या घटनामालिका ओळखू शकेल हे सांगणारी एक बीजगणिती भाषा तयार केली. तो निबंध १९५६ मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला. वर सांगितलेला तारा हा त्याचाच. आजही त्याला क्लीनीचा तारा म्हणतात. पुढे १९६८ मध्ये केन टॉम्प्सन याने असा साचा घेऊन मजकुरात शोध कसा करावा याची कृती प्रसिद्ध केली, आणि १९७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत त्याने ‘ग्रेप’ नावाचे छोटेखानी साधन लिहिले. मेंदू कसा ओळखतो या प्रश्नातून निघालेली विद्या अखेर शब्द कसा सापडतो या प्रश्नावर येऊन स्थिरावली.

पण साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. ब्रायन कर्निघन हे त्याच प्रयोगशाळेतील गृहस्थ सांगतात की, ‘ग्रेप’चे निमित्त एक वाङ्मयीन वाद हेच होते. ली मॅकमहन या त्यांच्या सहकाऱ्याला ‘फेडरलिस्ट’ निबंधांचे कर्तृत्व तपासावयाचे होते, आणि तो सारा मजकूर त्या काळच्या तुटपुंज्या स्मृतीच्या संगणकावर नेहमीच्या संपादन-साधनात मावत नव्हता. म्हणून त्या साधनातील शोधाचा तेवढा भाग सुटा करून काढण्यात आला. हे ‘फेडरलिस्ट’ प्रकरण म्हणजे आपल्या दोन ज्ञानेश्वरांच्या वादाचेच अमेरिकन भावंड आहे. १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाखाली ८५ निबंध प्रसिद्ध झाले. लिहिणारे तिघे, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ भांडण चालले. १९६४ साली मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी आपल्या ग्रंथात त्या बाराही निबंधांचे माप मॅडिसनच्या पदरात घातले.

त्यांनी कोणते शब्द मोजले हे पाहण्यासारखे आहे. राज्यघटना, स्वातंत्र्य, सत्ता असले भारदस्त शब्द त्यांनी बाजूला ठेवले, कारण ते विषयाप्रमाणे बदलतात. मोजली ती किरकोळ मंडळी. ‘वर’ या अर्थाचा ‘अपॉन’ हॅमिल्टनच्या लेखनात हजार शब्दांत सुमारे तीनदा येतो. मॅडिसनच्या लेखनात पाच हजारांत जेमतेम एकदा. ‘असताना’ या अर्थी एक ‘व्हाइल’ लिहितो, दुसरा ‘व्हाइल्स्ट’. लेखक ज्या शब्दांकडे कधी लक्ष देत नाही, तेच त्याचा पत्ता सांगतात. माझ्या मते विसाव्या शतकातील शैलीविचाराला लाभलेले हे एक अस्सल निरीक्षण आहे, आणि ते साहित्याच्या अध्यापकांकडून न येता आकडेमोड करणाऱ्यांकडून यावे याची थोडी लाज आपल्या जातीला वाटावयास हरकत नाही.

असाच अनुभव त्यापूर्वी रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूला आला होता. संत थॉमस अक्विनस याच्या ग्रंथांतील ‘सान्निध्या’ची कल्पना तपासताना त्याने प्रथम त्या अर्थाची लॅटिन नामे शोधली. ती फारशी कामास आली नाहीत. थॉमसचा विचार नामांत नसून ‘इन’ या एवढ्याशा शब्दाभोवती गुंफलेला आहे, असे त्याला आढळले. आणि त्या शब्दाची वाक्ये त्याने हाताने १०,००० कार्डांवर उतरून काढली. १९४९ मध्ये तो आय. बी. एम.च्या थॉमस वॉटसनकडे मदत मागावयास गेला तो या कार्डांच्या कंटाळ्याने. त्यातून पुढे सबंध अक्विनसची ५६ खंडांची शब्दसूची निर्माण झाली.

३

आता हाच खेळ मराठीत मांडून पाहावा. बुसाच्या ‘इन’ला मराठीत काय शोधाल? ‘घरात’, ‘घरी’, ‘घरामध्ये’, जुन्या भाषेत ‘घराचे ठायी’. येथे ‘आत असणे’ हा शब्दच नाही. तो कोठे प्रत्यय आहे, कोठे शब्दयोगी अव्यय. हॅमिल्टनचा ‘अपॉन’ दोन्ही बाजूंना मोकळी जागा राखून ऐटीत उभा राहतो, म्हणून तो मोजता येतो. आपला ‘वर’ ‘घरावर’ या शब्दाच्या पाठीवर बसलेला असतो, आणि एकटा उभा असला तर तो नवरदेव आहे की देवाने दिलेला आशीर्वाद, हे आधी विचारावे लागते.

मराठी गद्यलेखकाचा हात ओळखावयाचा तर माझ्या समजुतीने ‘च’ आणि ‘ही’ या दोन निपातांइतकी उपयुक्त खूण दुसरी नाही. काही लेखक दर वाक्याला ‘च’ ठोकल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. काहींचा स्वभाव सवलत देण्याचा. त्यांच्या लेखनात ‘ही’ची रेलचेल असते. दोन समकालीन निबंधकारांचे अनामिक लेख वेगळे करावयाचे झाले तर मी प्रथम येथे हात घालीन. पण यंत्राला ‘शेवटी च असलेले शब्द आण’ असा साचा देऊन पाहा. ‘तोच’, ‘घरीच’, ‘म्हणूनच’ यांच्याबरोबर पाच, नाच, लाच, टाच, काच, जाच, पेच असा सारा गोतावळा दाराशी येऊन उभा राहील. ‘ही’चे तर विचारूच नये. ‘तोही’ शोधावयास जावे तो ‘नाही’, ‘काही’, ‘सही’ आणि ‘दही’ घेऊन परतावे. शिवाय ‘ही मुलगी’ मधील ‘ही’ निराळीच. तेव्हा साच्याला नुसती पकड असून भागत नाही, त्याला वगळण्याची यादीही जोडावी लागते. आणि ती यादी करावयास बसलेला माणूस नकळत मराठीचे व्याकरण लिहू लागतो.

नामांचीही हीच कथा. इंग्रजी नामाला फार तर एखादा शेपटासारखा ‘एस’ लागतो. मराठी नाम विभक्तीला सामोरे जाण्यापूर्वी अंगरखा बदलते. कापूस असतो तो ‘कापसाचा’ होतो, फूल ‘फुलाला’, भाऊ ‘भावाशी’, बहीण ‘बहिणीने’. ज्याने ‘कापूस’ एवढेच शोधले त्याला वऱ्हाडावरच्या कादंबरीत कापूस तुरळक दिसेल, आणि तो त्यावरून मोठा निष्कर्षही काढील. उलट ‘पाणी’ शोधणाऱ्याच्या जाळ्यात संतकाव्यातील ‘चक्रपाणी’ येतो, आणि त्याच्या हातात पाण्याचा थेंबही नसतो. जुन्या ग्रंथात ‘पाणिया’ असे सामान्यरूप येते ते मात्र वरच्या साच्यातून सुटून जाते. म्हणजे एकाच साच्याने नको तो पकडला आणि हवा तो सोडला. जास्त पकडणे आणि कमी पकडणे हे दोन दोष परस्परांना वजा करून टाकतात असे कोणी समजू नये. आकडा योगायोगाने बरोबर आला तरी तो बरोबर नसतोच.

यावर कोणी म्हणेल, साच्याला शब्दाची सीमा का सांगू नये? तशी सोय आहे. शब्द येथे सुरू होतो व येथे संपतो, असे सांगणारे एक चिन्ह या विद्येत पहिल्या धड्यातच शिकवतात. आणि इथेच देवनागरीची खरी परीक्षा सुरू होते.

ही सीमा यंत्र ठरविते ती एका सरळ नियमाने: एका बाजूला शब्दात शोभणारे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला न शोभणारे, तेथे सीमा. पण शोभणारे कोण? वेबपाने ज्या जावास्क्रिप्ट भाषेत चालतात तिच्यात या कामापुरती रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढ्यांनाच शब्दत्व आहे. त्यामुळे सीमा घालून ‘मन’ शोधले तर शुद्ध देवनागरी मजकुरात ते कधीच सापडत नाही. यंत्राच्या लेखी तेथे शब्दच नाहीत. हा दोष निदान ढळढळीत असल्यामुळे लगेच ध्यानात येतो. पायथन या लोकप्रिय भाषेच्या नेहमीच्या यंत्रणेत जे घडते ते अधिक फसवे आहे. तिने देवनागरी व्यंजनांना आणि स्वरांना अक्षर मानले, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना मानले नाही, कारण युनिकोडच्या वर्गवारीत ती ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ आहेत. परिणामी प्रत्येक काना म्हणजे शब्दातील भगदाड. सीमा घालून ‘मन’ शोधले की ‘मनात’ सापडतो, हे ठीक. पण ‘वामन’ही सापडतो, ‘सामना’ही आणि ‘कामना’ही, कारण तेथे ‘मन’च्या आधी काना आहे, आणि काना म्हणजे यंत्राच्या मते मोकळी जागाच. ‘नमन’ मात्र सापडत नाही, कारण तेथे काना नाही. त्याच रीतीने ‘राम’ शोधावा तर यंत्र ‘आराम’ आणि ‘हराम’ नाकारते, आणि ‘विराम’ मुकाट्याने स्वीकारते. या निवडीत काही तत्त्व असेल असे वाचकाला वाटेल, पण ज्यांनी बाराखडी गिरविली नाही त्यांनी आखलेल्या सीमा अशाच पडावयाच्या.

सगळीकडे असेच आहे असे नव्हे. युनिकोडची स्वतःची शिफारस या चिन्हांनाही शब्दघटक मानावे अशीच आहे, आणि पर्ल या भाषेत ती पाळलेली आहे. इतरत्र साचा लिहिणाऱ्याने ‘अक्षर किंवा चिन्ह, दोन्ही शब्दाचेच’ असे स्वतः बजावावे लागते. ते बजावले की वामन सुटतो. ‘मनात’ही मग सुटतो, आणि त्याला पुन्हा सामान्यरूपाच्या वाटेने आत आणावे लागते. ऋग्वेदाचा पदपाठ रचणाऱ्या शाकल्याने संधी सोडवून पदे सुटी केली तेव्हा त्याच्यापुढचे कोडे जातीने हेच होते, आणि पद कोठे संपते हे कानाला ठरवू देण्यात शहाणपण नाही हे त्याला ठाऊक होते.

४

लेखनपद्धतीची भर यात वेगळी पडते. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले आणि व्युत्पत्तीने आलेले अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीचा कोणताही दिवाळी अंक उघडावा, पानावर टिंबांचा पाऊस पडलेला असतो. ‘काही’ हा शब्द ‘कांहीं’, ‘कांही’, ‘काहीं’ अशा रूपांत भेटतो. ‘कां?हीं?’ या एका साच्यात चारही रूपे बसतात, हे त्या तंत्राचे सामर्थ्य. पण ज्याला जुने लेखन ठाऊकच नाही तो असा साचा लिहिणार कसा? तो ‘काही’ शोधतो, १९६२ नंतरच्या पुस्तकांत ते भरपूर पाहतो, आधीच्या पुस्तकांत विरळ पाहतो, आणि मराठी गद्यात अनिश्चिततेचा भाव कसा वाढत गेला यावर निबंध वाचतो. मी हे अगदीच विनोदाने म्हणत नाही.

याहून सूक्ष्म प्रकार डोळ्याला दिसतच नाही. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते निरनिराळे शब्द; एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ची तीच गत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवीत असत, आणि पुष्कळ जण अजूनही भागवितात. बरे, अदृश्य चिन्हे ही कटकट समजून मजकूर ‘स्वच्छ’ करणारी साधनेही आहेत. त्यांनी ते सांधणारे चिन्ह काढून टाकले की ‘आचाऱ्यास बोलवा’ याचे ‘आचार्यास बोलवा’ होते. शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात जो भेद शिक्षक हौसेने फळ्यावर काढून दाखवीत, तो या सफाईत नाहीसा होतो आणि स्वयंपाकघरातला माणूस एकदम मठात जाऊन बसतो.

छापील पुस्तकांची छायाचित्रे घेऊन यंत्राकडून अक्षरे ओळखवून घेतलेल्या प्रतींविषयी काय बोलावे? तेथे ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, आणि ‘भन’ शोधणारा साचा कोणी लिहीत नाही.

५

इतके वाचून एखादा जुन्या वळणाचा रसिक सुटकेचा निःश्वास टाकील: ठीक झाले, कविता मोजता येत नाही हे एकदाचे सिद्ध झाले. त्याला तो आनंद द्यावयास मी तयार नाही. डोळ्याने वाचणाऱ्याची गफलत यंत्राहून मोठी असते, आणि विशेष म्हणजे ती आपल्या मताच्या बाजूने होते. ज्याला कवी निराशावादी वाटतो त्याला काळोख दिसत राहतो आणि उजेड निसटत राहतो. यंत्राला कवीविषयी मत नसते. शिवाय साचा हा कागदावर लिहिलेला असतो. डोळ्याने मी काय शोधले, काय गाळले, याचा हिशेब मी कोणाला देऊ शकत नाही. साच्याचा देऊ शकतो. माझा साचा घेऊन माझ्या विरोधकाने त्याच मजकुरावर तो चालवावा, आणि मला काय दिसले नाही ते मला दाखवावे. टीकेत इतका उघडेपणा यापूर्वी नव्हता.

माझी तक्रार आहे ती आकडा छापून साचा लपविणाऱ्यांशी. ‘या कवीच्या संग्रहात मी हा शब्द शेकड्यांनी येतो, म्हणून हा आत्मकेंद्रित कवी’ असे कोणी लिहिले की मला पहिला प्रश्न पडतो: नुसता ‘मी’ मोजला, की ‘मला’, ‘माझा’, ‘मज’, ‘म्या’ हेही? ‘कमी’, ‘नेहमी’, ‘बातमी’ वगळले होते ना? आणि त्यापलीकडे एक प्रश्न आहे, ज्याला साचा उत्तर देऊ शकत नाही. मराठीत ‘आलो’, ‘बसलो’, ‘पाहीन’ म्हटले की ‘मी’ म्हणावा लागत नाही. पुरुष क्रियापदात मुरलेला असतो. एखादी कविता पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत प्रथमपुरुषी असून तीत ‘मी’ एकदाही नसणे अगदी शक्य आहे. उलट जो कवी ‘मी’ स्पष्टपणे उच्चारतो, तो बहुधा कोणाच्या तरी विरुद्ध उभा राहून उच्चारतो: तुम्ही नव्हे, मी. म्हणजे मराठी ‘मी’ची संख्या अहंकाराची निदर्शक नसून विरोधाची निदर्शक असण्याचा संभव अधिक. इंग्रजी कवितेच्या अभ्यासातून हे माप जसेच्या तसे उचलणाऱ्यांना हे सुचत नाही, कारण इंग्रजीत कर्त्यावाचून वाक्य उभेच राहत नाही.

पुन्हा भारद्वाजांकडे यावे. ‘वि(ट्)?ठ’ एवढा साचा विठ्ठल, विट्ठल, विठोबा, विठाई, विठू या सर्वांना पुरतो. पंढरी, पांडुरंग, पुंडलीक यांचे साचे वेगळे लिहावे लागतील, पंढरीचा अनुस्वार ‘ण्’ने लिहिलेला असेल तर तोही धरून. तो कोणत्या प्रतीवर चालविणार? एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला; राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत वेगळ्या पाठांची आहे. प्रत्येक प्रतीवर तो चालवावा आणि निकाल साच्यासह छापावा. तसे केल्यावर जे हाती येईल ते ‘ही अक्षरे या प्रतीत नाहीत’ एवढेच असेल, आणि ते पक्के असेल. ‘हा देव या ग्रंथात नाही’ हे त्याच्या पुढचे विधान आहे. गीतेचा भाष्यकार ज्याला श्रीकृष्ण म्हणतो त्याच्या मागे तो विटेवरची मूर्ती पाहतो की नाही, हे वाचकाच्या अंतःकरणाने ठरवावयाचे. तेथे ताराही कामाचा नाही आणि टिंबही नाही.

६

शेवटी ज्या उदाहरणाने मी कित्येक दिवस अडून बसलो आहे ते सांगतो. नामदेवांच्या नावावरील गाथ्यात निरनिराळ्या काळांतील रचना मिसळल्या आहेत, हे सर्वमान्य आहे. एकनाथकाळात विष्णुदास नामा म्हणून दुसरा एक कवी होऊन गेला. त्याने भारत ओवीबद्ध केले. आणि ‘विष्णुदास नामा’ या मुद्रेचे अभंग कोणाचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तेव्हा पहिले पाऊल साधे दिसते: मुद्रा शोधा. तुकारामांच्या बाबतीत हे सोपे जाते. ‘तुका’ या अक्षरांना मराठीत फारसे प्रतिस्पर्धी नाहीत. तुकडा आणि तोलण्याच्या अर्थाचे तुकणे एवढे वगळले की झाले. गोव्याच्या वाचकाला मात्र ‘तुका’ म्हणजे ‘तुला’, आणि कोंकणी मजकुरात हा साचा दर पानाला कोणाच्या तरी पुढ्यात काही ना काही ठेवील.

‘नामा’चे तसे नाही. ‘नामा म्हणे’ येथे तो कवी आहे. ‘नामाचा महिमा’ येथे तो कवी नाही. ‘नाम’ या शब्दाचे ते सामान्यरूप आहे. आणि हा संप्रदाय नामाचा. ज्या गाथ्यात कवी आपल्या नावाची मुद्रा उमटवितो, त्याच गाथ्यात तो ओळीओळीला नामाची थोरवी गातो. साच्यात ‘नामा’नंतर मोकळी जागा व ‘म्हणे’ घातले की मुद्रांचा एक मोठा ढीग बाजूला निघतो. ‘नामा’ला चा, ची, चे, विण, पाशी चिकटलेले शब्द दुसऱ्या ढिगात टाकता येतात, ‘विष्णुदास’ आधी असलेले तिसऱ्यात. तरी ‘नामा’ एकटा उभा आहे आणि पुढे ‘म्हणे’ नाही, अशा ओळी उरतात. पद्यात प्रत्यय गळतो, क्रम उलटतो. तेथे कवी स्वतःला हाक मारतो आहे, की नामापुढे हात जोडतो आहे? काही ओळी तर अशा की दोन्ही अर्थ लागतात, आणि त्या रचणाऱ्याला ते कळत नसेल असे मानणे मला जड जाते. शिंप्याच्या मुलाला आपले नाव आणि देवाचे नाम यांतील अंतर एका कान्याएवढेच आहे, हे दिसले नसेल?

या चौथ्या ढिगातील ओळी मी एका वहीत उतरून घेतल्या आहेत. त्यांत विष्णुदास नाम्याच्या किती आणि पहिल्या नामदेवाच्या किती, हे सांगणारा साचा मला अद्याप लिहिता आलेला नाही. पण पहिले तीन ढीग वेगळे झाल्यावाचून या ओळी एकत्र माझ्यापुढे आल्याही नसत्या.